‘पूर्वी ढीगभर असायचे’ हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. डोंगराळ भागातल्या ओढ्यांवर तुम्ही काम करताय. एक मोठा, खाल्ला जाणारा बेडूक आणि दोन छोटे झाडबेडूक यांची संख्या घटली आहे का, हे तुम्हाला तपासायचं आहे. जुनी मोजणी कुणीच केलेली नाही. म्हणून तुम्ही वीस वस्त्यांमधल्या साठ जाणत्या माणसांना विचारलं, ‘पूर्वीपेक्षा बेडूक कमी झालेत का?’ बावन्न जण ‘हो’ म्हणाले. आता अहवालात ‘८७ टक्के घट’ लिहावं का, आणि या सगळ्याला ‘ऐकीव गोष्टी’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांना काय सांगावं, असं तुम्ही विचारताय.

८७ टक्के घट लिहू नका. ८७ टक्के माणसं ‘घट झाली’ असं म्हणाली, एवढंच तुमच्या हातात आहे. साठच्या साठ जण ‘हो’ म्हणाले असते, तरी घट दहा टक्क्यांची की नव्वदची हे त्यातून कळलं नसतं. पण मार्गदर्शकांचं म्हणणंही पूर्ण पटण्यासारखं नाही. माहिती लोकांच्या तोंडची आहे म्हणून कच्ची ठरत नाही. प्रश्न कच्चा होता, म्हणून उत्तर कच्चं आलं. त्याच माणसांकडून याहून कितीतरी पक्की माहिती मिळू शकते.

त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की हवी. मुलाखतीत आपण बेडूक मोजत नसतो. माणसाची आणि बेडकाची गाठ किती वेळा पडते, ते मोजत असतो. ही गाठ बेडकांच्या संख्येवर ठरते, तशी माणूस ओढ्यावर किती जातो यावरही ठरते. शिवाय दिसलेलं त्याच्या लक्षात राहतं का आणि तो ते तुम्हाला सांगतो का, हेही आलंच. घरात नळ आला की पहाटे ओढ्यावर जाणं थांबतं. घराबाहेर दिवा लागला की अंधारात चाचपडणं थांबतं, आणि गुडघे दुखायला लागले की वरच्या डोहापर्यंत जाणंच संपतं. तिन्ही वेळा माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगेल की ‘आता बेडूक दिसत नाहीत’. ओढ्यात मात्र काहीच बदललेलं नसेल. म्हणून ‘किती दिसायचे’ या प्रत्येक प्रश्नाला ‘तेव्हा किती वेळा जायचात’ हा जोडप्रश्न लागतोच. तो नसेल तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही.

आता जातींबद्दल. ही पद्धत सगळ्या उभयचरांना सारखी लागू पडत नाही. जो प्राणी मोठा आहे, खाल्ला जातो, औषधाला वापरतात, ज्याची भीती वाटते किंवा ज्याच्या आवाजाने झोप मोडते, त्याच्याबद्दल लोक बारकाईने सांगतात. चीनचा महाकाय सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा उभयचर) याचं ठळक उदाहरण आहे. सुमारे पावणेदोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या आणि मांसासाठी पकडल्या जाणाऱ्या या प्राण्याला नदीकाठच्या माणसानं चुकून दुसरं काही समजणं अवघड. उलट पालापाचोळ्यात राहणारे, बोटाच्या पेराएवढे, तपकिरी आणि एकमेकांसारखे दिसणारे बेडूक बहुतेकांच्या खिजगणतीत नसतात. त्यांच्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, कारण पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये असं माणसाला वाटतं. पण ते उत्तर वापरता येत नाही. जमिनीखाली राहणाऱ्या देवगांडुळांचं (पाय नसलेल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या उभयचरांचं) तर आणखी अवघड, कारण गांडूळ, आंधळा साप आणि ते यांची हमखास सरमिसळ होते. त्यामुळे तुमच्या तीन जातींपैकी मोठ्या बेडकासाठी ही पद्धत चांगली चालेल. दोन झाडबेडकांचे आवाज वेगवेगळे असतील आणि लोक ते ओळखत असतील, तर फक्त आवाजापुरती चालेल. आवाज सारखे असतील तर त्या दोघांना या अभ्यासातून सरळ वगळा आणि त्यांच्यासाठी रात्रीची प्रत्यक्ष पाहणी करा.

कधीकधी लोकांची ओळख प्राण्याच्या एखाद्याच अवस्थेशी असते. पश्चिम घाटातल्या जांभळ्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन २००३ मध्ये झालं. प्रौढ बेडूक जवळजवळ वर्षभर जमिनीखाली असतो आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस वर येतो. पण त्याची शेपटीवाली पिल्लं वाहत्या पाण्यात खडकाला तोंडाने चिकटून राहतात, आणि काही आदिवासी समाज ती गोळा करून खातात. अशा ठिकाणी प्रौढ बेडकाचं चित्र दाखवून ‘पाहिलाय का’ विचारलं, तर जाणकार माणूसही मान हलवेल, कारण त्याला ठाऊक असलेला प्राणी त्या चित्रात नाही. म्हणून अंडी, फेसाची घरटी, पिल्लं, प्रौढ, आवाज यांबद्दल वेगवेगळं विचारावं लागतं.

ओळख पटवण्याचा क्रम मी असा ठेवतो आणि तो कधी उलटा करत नाही. आधी काहीही न दाखवता विचारायचं, ‘इथं किती प्रकारचे बेडूक आहेत? नावं सांगा.’ माणूस ज्या क्रमाने नावं घेतो त्याच क्रमाने लिहायची, कारण सवयीतला प्राणी बहुधा आधी आठवतो. मग प्रत्येक नावाचं वर्णन त्याच्याच शब्दांत घ्यायचं: केवढा, कातडी कशी, कुठे बसतो, कोणत्या महिन्यात ओरडतो, अंडी कुठे. त्यानंतर वीस-तीस सेकंदांचा आवाज ऐकवायचा, आणि चित्रं सगळ्यात शेवटी. चित्र आधी दाखवलं की माणूस आठवणीतलं सांगणं सोडून चित्रातलं सांगायला लागतो, आणि एकदा हे झालं की ती मुलाखत दुरुस्त करता येत नाही.

चित्रांचे आठ-दहा पत्ते पुरतात. प्रत्येकावर हाताचा पंजा किंवा असंच काही मापासाठी असू द्या. नुसत्या फोटोत नखाएवढा बेडूक आणि वीतभर बेडूक सारखेच दिसतात. त्यात सगळ्यांना नक्की माहीत असलेली एक जात घाला, आणि दुसऱ्या खंडातली, तिथं असणं शक्यच नाही अशी एकदोन फसवी चित्रंही. फसवं चित्र ‘हो, वरच्या डोहात आहे’ म्हणून कुणी ओळखलं, तर ती मुलाखत फाडून टाकू नका. तिच्यावर खूण करा, आणि विश्लेषण एकदा तिच्यासकट, एकदा तिच्याशिवाय करा. असे होकार किती टक्के आले, तोच तुमच्या चुकीचा अंदाज. तो आकडा पुढे लागणार आहे.

नावांचा घोळही आत्ताच निस्तरा. एकाच जातीतल्या नराला एक नाव, अंड्यांनी फुगलेल्या मादीला दुसरं, असं बऱ्याच ठिकाणी असतं. उलट, चार जातींना मिळून एकच नाव असतं आणि त्या चारांतल्या एकीची घट त्यात पार झाकून जाते. म्हणजे तीन जाती आजही भरपूर असतील तर लोक ‘आहेत की’ म्हणतील, आणि चौथी संपलेली असेल. वर्णन आणि आवाज हातात असतील तर हे सुटतं, नुसत्या नावावर सुटत नाही.

आता मुख्य प्रश्नावली. ‘कमी झालेत का’ हा प्रश्न कायमचा काढून टाका. तो उत्तर सुचवतो, आणि ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा हेही त्यात नाही. त्याऐवजी विचारा: शेवटचा कधी पाहिला, कुठे, किती होते, सोबत कोण होतं, तिथे कशासाठी गेला होतात? खऱ्या आठवणीला असे कंगोरे असतात. ‘असायचे पूर्वी’ यापलीकडे काहीच सांगता येत नसेल, तर ते सामान्य मत म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

साल विचारून साल मिळत नाही. ‘दहा वर्षं झाली’, ‘वीसेक वर्षं असतील’ असे गोल आकडे येतात आणि आलेखात दहा, वीस, तीसवर उंचवटे दिसतात. शिवाय ठसठशीत आठवण आहे त्यापेक्षा अलीकडची वाटते. यावर इलाज म्हणजे घटनांची पट्टी. मुलाखती सुरू करण्याआधी गावातल्या चार-पाच जणांसोबत बसून ज्यांची साल नक्की माहीत आहे अशा आठ-दहा घटना काढा: मोठा पूर, दुष्काळ, रस्ता झाला ते वर्ष, वीज आली ते, शाळा सुरू झाली ते. मग त्या माणसाच्या आयुष्यातल्या दोन-तीन गोष्टी जोडा, जसं लग्न किंवा पहिलं मूल. ‘वीज आली तेव्हा दिसत होता का? थोरली चालायला लागली होती तेव्हा?’ अशा दोन खुणांमध्ये आठवण अडकवली की साल दोन-तीन वर्षांच्या फरकाने मिळते, आणि ती तशीच लिहायची: ‘पुरानंतर, रस्त्याआधी’. खोटी अचूकता आणू नका.

मोठा बेडूक खाल्ला जातो, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण पकडणाऱ्याच्या बोलण्यात आकडे असतात. ‘त्या काळी दोघं जण चार तास फिरलो की टोपली भरायची’ असं कुणी म्हटलं, तर टोपलीत किती मावायचे ते विचारा. वीस म्हणाला, तर वीस बेडूक भागिले आठ माणसी-तास, म्हणजे तासाला अडीच. आता तेच दोघं सहा तास फिरून तीन आणत असतील तर तीन भागिले बारा, म्हणजे तासाला पाव. इथे तुम्हाला पहिल्यांदा घटीचा आकार दिसतो: दहापट. ‘हो’ म्हणणारी बावन्न माणसं जे सांगू शकली नाहीत, ते या एका टोपलीतून कळतं.

या आकड्यालाही दोन खोड्या आहेत आणि दोन्ही घट लपवणाऱ्या आहेत. जवळचे डोह रिकामे झाले की पकडणारा लांब जातो आणि तिथं त्याला पूर्वीइतकेच मिळतात. म्हणून जागा विचाराच. दुसरं, बेडूक प्रजननासाठी एका पाणवठ्यावर गोळा होतात. आसपासच्या रानातली संख्या निम्मी झाली तरी त्या दोन-तीन रात्री डोहावर गर्दीच दिसते, आणि पकडणाऱ्याची टोपली जवळजवळ शेवटपर्यंत भरत राहते. त्यामुळे ‘गोळा होण्याच्या रात्री’ आणि ‘एरवीच्या रात्री’ हे दोन वेगळे रकाने करा. घट आधी एरवीच्या रात्रींमध्ये दिसते.

जे पकडत नाहीत त्यांच्यासाठी खडे वापरता येतात. वीस खडे हातात द्यायचे आणि म्हणायचं, ‘ज्या वर्षी सगळ्यात जास्त होते तेव्हाचे हे वीस समजा. वीज आली तेव्हा किती ठेवाल? आणि आता?’ वीसचे चार म्हणजे ऐंशी टक्के घट झाली असं मात्र नाही. ते त्या माणसाच्या मनातलं प्रमाण आहे. पण पन्नास जणांचे खडे एकाच कालखंडात कोसळत असतील, तर तो कालखंड महत्त्वाचा.

यात एक ताळा घालायलाच हवा, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात. तुमच्या बेडकासोबत आणखी चार-पाच प्राण्यांबद्दल हुबेहूब तेच प्रश्न विचारा. त्यातला एक तरी असा हवा की जो घटलेला नाही हे दुसऱ्या मार्गाने माहीत आहे, आणि एखादा वाढलेला. लोक सगळ्यांच्याच बाबतीत ‘पूर्वी खूप होते’ म्हणत असतील तर ती गेलेल्या दिवसांची हळहळ आहे. साध्या भेकाबद्दल ‘आहे तितकाच आहे’ आणि मोठ्या बेडकाबद्दल ‘संपला’ असं तीच माणसं सांगत असतील, तर त्या फरकाला वजन आहे. मार्गदर्शकांच्या ‘ऐकीव’ या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

इथवरचं एका ओळीत: मत विचारू नका, तारीख-जागा-कष्ट विचारा, चित्र शेवटी दाखवा, ताळ्याची जात सोबत घ्या.

तुमच्या नमुन्यात सगळी जाणती माणसं आहेत. ही चूक समजण्यासारखी आहे, कारण जुनं त्यांनाच माहीत असतं. पण माणसाच्या लेखी ‘नेहमीचं’ म्हणजे त्याच्या तरुणपणी जे होतं ते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये माशांच्या संदर्भात हा मुद्दा मांडला: प्रत्येक पिढी आपल्यासमोर आलेलं आधीच घटलेलं रूपच मूळ धरते. चीनमधल्या यांगत्से नदीत २००६ साली शोध घेऊनही बाइजी डॉल्फिन सापडला नाही. तिथल्या मच्छीमार वस्त्यांतल्या मुलाखतींमध्ये पुढे असं दिसलं की लुप्त होत गेलेल्या मोठ्या प्राण्यांची ओळख तरुणांच्या स्मृतीतून फार झपाट्याने पुसली जाते. म्हणजे तरुणांचं अज्ञानसुद्धा माहितीच आहे. वीस ते पस्तीस, छत्तीस ते पंचावन्न आणि त्यापुढचे, असे तीन गट करा. ज्येष्ठांनी आवाजावरून ओळखलेला बेडूक पंचविशीतल्या गुराख्याला ऐकूनही माहीत नसेल, आणि तो रोज त्याच ओढ्यावर जात असेल, तर हा फरक ज्येष्ठांच्या शब्दापेक्षा बोलका आहे. रोज जात नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पुन्हा तोच जोडप्रश्न. बायकांनाही वगळू नका. पाणी आणणं, कपडे धुणं, चिंबोऱ्या-शंख गोळा करणं ही कामं जिथे त्यांच्याकडे असतात, तिथे अंडी आणि पिल्लांबद्दल त्यांना पुरुषांहून जास्त माहीत असतं.

संख्येचा प्रश्न. वीस वस्त्यांत साठ, म्हणजे वस्तीमागे तीन माणसं. समजा बेडूक खरोखर आहे आणि कुठल्याही एका माणसाला तो गेल्या वर्षभरात दिसलेला असण्याची शक्यता २० टक्के आहे. तर तिघांपैकी कुणालाच दिसलेला नसण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. याचा अर्थ, बेडूक असलेल्या निम्म्या वस्त्यांना तुम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे व्हाल. ही चूक ५ टक्क्यांखाली आणायला वस्तीमागे १४ माणसं लागतात. दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल तर ९ पुरतात, १० टक्केच असेल तर २९ लागतात. ‘किती माणसं विचारावीत’ याला म्हणूनच एक ठराविक आकडा नसतो. आधी दोन वस्त्यांत, जिथे बेडूक नक्की आहे तिथे, वीस-वीस जणांना विचारून ही शक्यता काढा आणि मग ठरवा.

माणसं वाढवली की उलट बाजूची चूक वाढते, याकडे दुर्लक्ष होतं. फसव्या चित्रावरून तुमच्या लक्षात आलं की १०० पैकी २ जण नसलेल्या प्राण्यालाही ‘हो’ म्हणतात. मग जिथे बेडूक अजिबात नाही तिथे ३० जणांना विचारलं, तर किमान एक खोटा होकार येण्याची शक्यता ४५ टक्के होते. एका होकारावर ‘इथे आहे’ असा शिक्का मारला तर नकाशावर भुताटकी उमटेल. दोन होकार मागितले तर ही शक्यता १२ टक्क्यांवर येते, तीन मागितले तर २ टक्क्यांवर. मात्र हे होकार स्वतंत्र हवेत. बापलेक, एकत्र शिकारीला जाणारे, किंवा मुलाखतीच्या वेळी शेजारी बसून ऐकणारे मिळून एकच धरा. गोतावळ्यात बसून सामूहिक मुलाखत घेतली तर एकाच बोलक्या माणसाचं मत पंधरा वेळा नोंदवलं जातं. घटनांची पट्टी काढायला गटात बसा, बाकी सगळं एकेकट्याशी.

सांख्यिकी जाणणारं कुणी सोबत असेल तर वस्तीला ‘ठिकाण’ आणि प्रत्येक माणसाला त्या ठिकाणाची एक ‘भेट’ धरून व्याप्तीचं मॉडेल, म्हणजे प्राणी किती ठिकाणी आहे याचा अंदाज काढणारं गणित, बसवता येतं. त्यात न दिसण्याची आणि चुकीच्या होकाराची शक्यता दोन्ही एकत्र हाताळल्या जातात.

बेडूक पकडणं तिथे बेकायदा असेल तर सरळ प्रश्नाला सरळ उत्तर येणार नाही, आणि मागणं योग्यही नाही. फाशाची युक्ती वापरा. माणसाने फासा तुम्हाला न दाखवता टाकायचा. एक पडला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, सहा पडला तर ‘नाही’, आणि दोन ते पाचवर खरं उत्तर. कुणाचा ‘हो’ खरा हे कुणालाच कळत नाही, पण गटाचं प्रमाण निघतं. ९० पैकी ३६ होकार आले, म्हणजे ४० टक्के. त्यातून फाशाचा सहावा हिस्सा (१६.७) वजा केला की उरतात २३.३. त्यांना चार-षष्ठांशाने भागलं की ३५ टक्के. या युक्तीला माणसं जास्त लागतात आणि फासा समजावून सांगण्यात वेळ जातो. पन्नासेक जणांत अंदाज इतका डळमळीत येतो की न केलेलं बरं.

आता बेडकांच्या स्वभावाबद्दल, कारण प्रश्नावली उत्तम असली तरी इथे घसरायला होतं. उभयचरांची संख्या काहीही बिघडलेलं नसताना प्रचंड वरखाली होते. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या रेनबो बे या तळ्यावर बारा वर्षं सलग मोजणी झाली, तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. पाणी टिकलं त्या वर्षी पिल्लांचा पूर, तळं लवकर आटलं त्या वर्षी जवळजवळ शून्य. म्हणून ‘गेल्या वर्षी आणि दहा वर्षांपूर्वी’ अशी दोन वर्षांची तुलना निरर्थक आहे. चांगल्या वर्षाची तुलना चांगल्या वर्षाशी करा: ‘पाऊस उत्तम झाला अशा अलीकडच्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त किती ऐकले? तुमच्या तरुणपणी तशा वर्षात?’ वाईट वर्षं सगळीकडेच वाईट असतात. चांगल्या पावसातही डोह मुका राहिला, तर काळजी.

घटीचा वेगही विचारून घ्या. कोस्टारिकातल्या माँटेव्हर्देचे सोनेरी भेक १९८७ मध्ये दीड हजारांहून जास्त दिसले होते आणि १९८९ मध्ये एक. डोमिनिका बेटावर ‘माउंटन चिकन’ म्हणून चवीने खाल्ला जाणारा मोठा बेडूक २००२ मध्ये काइट्रिड बुरशी (उभयचरांच्या कातडीला रोग लावणारी) पोहोचल्यावर दीड वर्षाच्या आत ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला. असा कडेलोट आणि तीस वर्षं चाललेली झीज, यांची कारणं सहसा वेगळी असतात. वस्तीजवळ आधी आणि वरच्या ओढ्यांत नंतर, असा हळूहळू सरकणारा क्रम दिसला तर पकडणं, शेती, पाणी वळवणं यांच्याकडे बोट जातं. माणसाचा वावर नसलेल्या वरच्या, थंड ओढ्यांतही एकदोन वर्षांत सगळं शांत झालं असेल तर रोगाचा संशय घ्या. ‘मेलेले बेडूक एकाच वेळी बरेच दिसले होते का, केव्हा?’ हा प्रश्न त्यासाठीच. कारण काय असं विचारलं तर लोक जे डोळ्यांना दिसतं ते सांगतील: फवारणी, रस्ता, परगावचे पकडणारे. बुरशी कुणालाच दिसत नाही. ती उभयचरांचा रोग म्हणून शास्त्रज्ञांनासुद्धा १९९८ मध्ये कळली. म्हणून लोकांनी सांगितलेलं कारण नोंदवा, पण केव्हा-कुठे-किती वेगाने हे त्यापासून वेगळं ठेवा. आपल्याला लोकांकडून मुख्यतः हे केव्हा-कुठे-किती वेगानेच हवं आहे.

मोठ्या बेडकाची कुठे शेती होत असेल किंवा कुणी आणून सोडले असतील, तर तेही विचारलंच पाहिजे. चीनच्या महाकाय सॅलॅमँडरची मुलाखतींसह झालेली देशव्यापी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९७ ठिकाणी शोधून तो अवघ्या ४ ठिकाणी मिळाला, आणि जनुकीय तपासणीत तेही तिथले मूळचे नसून शेतीतून आलेले असावेत असं दिसलं. अशा जागी कालपरवा दिसलेला प्राणी ‘अजून टिकून आहे’ याचा पुरावा ठरत नाही.

मुलाखतींनंतर ओढ्यावर जाणं चुकत नाही, पण आता कुठे जायचं हे माहीत असतं. ‘अलीकडे दिसला’, ‘फार पूर्वी दिसला’ आणि ‘कधीच नाही’ अशा तिन्ही प्रकारच्या वस्त्यांमधून तीन-चार निवडा. फक्त ‘दिसला’वाल्या निवडल्या तर लोकांचं ‘नाही’ किती खरं, हे तपासताच येत नाही. हंगामात प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री, ठरलेल्या लांबीचा पट्टा, ठरलेला वेळ, सोबत आवाज टिपणारं यंत्र. शक्य असेल तर प्राण्याने पाण्यात सोडलेल्या डीएनएची चाचणी. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट आणि जाळी घासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून न्या. बुरशीचा शोध घेणाऱ्यानेच ती वाहून नेणं यासारखी नामुष्की नाही.

लिहिताना आययूसीएनच्या (धोक्यातल्या जातींची लाल यादी करणाऱ्या जागतिक संस्थेच्या) निकषांची भाषा उपयोगी पडेल. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल त्यात घट किती हे तिथे पाहतात. घटीचं कारण संपलेलं नसेल तर ३०, ५० आणि ८० टक्के या पायऱ्या. घट प्रत्यक्ष पाहिलेली, मोजमापावरून काढलेली, अनुमानाची की संशयाची, हेही तिथे वेगळं नोंदवतात. मुलाखतींवर उभं राहिलेलं काम बहुतेक वेळा अनुमान किंवा संशय या खान्यात बसतं, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही. मुलाखतींना संमती घ्या, नाव छापायचं की नाही हे त्यांनाच विचारा. डोहांची नेमकी जागा अहवालात देऊ नका. तो नकाशा पकडणारेही वाचतात.

तुमच्या त्या साठ मुलाखती फुकट गेल्या असं समजू नका. त्यांतून नावांची यादी, आवाजाचे शब्द आणि कोण खरंच जाणकार आहे हे तुम्हाला मिळालंय. वीसपैकी सहा वस्त्या निवडा, प्रत्येकी चौदा जण, तीन वयोगटांत आणि बायकापुरुषांत वाटून. म्हणजे चौऱ्याऐंशी मुलाखती. एकेक पाऊण तासाची धरली आणि दिवसाला चार जमल्या, तर एकवीस दिवस. सुरुवात आवाजांच्या ध्वनिफिती गोळा करण्यापासून करा, कारण बेडकांचा हंगाम गेला की त्या वर्षभर मिळत नाहीत.